एका झडपेचें निदान

आपल्या देशांत घर थंड कसें ठेवावें याचा विचार करण्यांत पिढ्यांच्या पिढ्या गेल्या. जाड मातीच्या भिंती, माळवद, ओसरी, वाळ्याचे पडदे, पाण्याचे माठ, अंगणांतील सडा हीं सारीं त्या विचाराचींच फळें होत. ज्या देशांत वर्षाचे सात-आठ महिने थंडी असते तेथील लोकांनीं हाच विचार उलट बाजूनें केला. त्यांतून घर उबदार ठेवण्याची जी व्यवस्था निर्माण झाली तिचा परिचय आमच्या शाळेंतील फारच थोड्या मुलांना असेल. आणि तिच्यांतील एखादा लहानसा भाग बिघडला असतां तो शोधून कसा काढावयाचा, हा विषय तर कोणत्याहि इयत्तेच्या अभ्यासक्रमांत नाहीं. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटींत इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांत माझ्या थोरल्या बहिणीच्या घरीं पांच आठवडे राहण्याचा योग आला, त्या वेळीं या विषयाचें जें शिक्षण मला मिळालें तें येथें सांगावेंसें वाटतें. त्यांत शास्त्र आहे, थोडा इतिहास आहे, आणि परीक्षेच्या पुस्तकांत सहसा न सांपडणारी विचार करण्याची एक रीतहि आहे.

प्रथम ती व्यवस्था समजून घेऊं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पेटी असते; तींत वायु जळतो आणि पाणी तापतें. हा बॉयलर. तापलेलें पाणी पंपाच्या योगानें तांब्याच्या नळ्यांतून घरभर फिरतें. प्रत्येक खोलींत, बहुधा खिडकीखालीं, पत्र्याचा एक चपटा व पोकळ तक्ता बसविलेला असतो, त्यास रेडिएटर म्हणतात. पाणी त्यांत शिरतें, आपली उष्णता खोलीस देतें, निवतें, आणि परत बॉयलरकडे जातें. तेंच पाणी पुन्हां तापतें व पुन्हां फिरतें. याच नळ्यांची दुसरी एक वाट माडीवरील कपाटांत ठेवलेल्या तांब्याच्या टांकीकडे जाते. त्या टांकींत स्नानाचें व भांडीं घांसण्याचें पाणी सांठविलेलें असतें. बॉयलरचें पाणी त्या पाण्यांत मिसळत नाहीं. टांकीच्या पोटांत वेटोळें घातलेल्या नळींतून जातां जातां तें भोंवतालच्या पाण्यास ऊब देतें आणि परत फिरतें.

ज्या मुलांचीं गांवें प्रवरेच्या कालव्यावर आहेत त्यांना पुढचा भाग समजावयास मुळींच अडचण पडूं नये. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्या पाण्यावर ऊंस करणाऱ्या घरांत दारें धरणें म्हणजे काय हें कोणास सांगावें लागत नाहीं. पाट एकच असतो. परंतु पाणी या वाफ्यांत जावें कीं त्या वाफ्यांत, हें दारें कोणतें मोडलें आहे त्यावर ठरतें. घरांतील नळ्यांवरहि अशाच दोन झडपा असतात. एक रेडिएटरांच्या वाटेवर, दुसरी टांकीच्या वाटेवर. शेतांत दाऱ्यावर खोरें घेऊन माणूस उभा असतो. येथें त्याच्या जागीं झडपेच्या डोक्यावर पत्र्याची एक लहान पेटी असते आणि तिच्यांत विजेची चिमुकली मोटर असते. वीज आली कीं मोटर झडप उघडते व उघडी धरून ठेवते. वीज बंद झाली कीं पेटींतील स्प्रिंग ती झडप परत मिटविते.

यांतील आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे, कारण पुढील सर्व उलगडा तिच्यावर अवलंबून आहे. झडप पुरती उघडली म्हणजे तिच्या पेटींतील एक लहानसा खटका दाबला जातो, आणि त्या खटक्यांतून बॉयलरला व पंपाला वर्दी जाते कीं वाट मोकळी आहे, आतां कामास लागा. म्हणजे क्रम असा. भिंतीवरील थर्मोस्टॅट खोली थंड झाली हें ओळखतो. वेळेची पेटी ही वेळ घर तापविण्याची आहे कीं नाहीं तें पाहते. दोघांचें एकमत झालें म्हणजे मोटरला वीज मिळते. मोटर झडप उघडते. झडपेचा खटका बॉयलरला उठवितो. बॉयलर स्वतः होऊन कांहींच ठरवीत नाहीं. तो हुकुमाचा ताबेदार आहे.

हा हुकूम देणारें यंत्र प्रथम कोणीं करून दाखविलें हें ऐकून आमच्या मुलांना मौज वाटेल. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यांत व्हाइटवॉटर या गांवीं शिक्षक तयार करणारें एक विद्यालय होतें. तेथें वॉरन जॉन्सन नांवाचे अध्यापक होते. थंडीच्या दिवसांत शाळेचा नोकर वरचेवर वर्गांत शिरे, उष्णतामापक पाही, आणि तळघरांत जाऊन भट्टीची हवा कमी-अधिक करी. शिकविण्यांत दर वेळीं व्यत्यय येई. या उपद्रवांतून सुटका व्हावी म्हणून जॉन्सन यांनीं खोलींतील उष्णतेची वार्ता विजेच्या तारेनें तळघरांत पोंचविणारें यंत्र तयार केलें आणि १८८३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढें १८८५ सालीं मिलवॉकी शहरांत या कामासाठीं त्यांनीं कंपनी काढली. वर्गांत कोणीं मध्येंच डोकावलें तर शिक्षकाच्या कपाळास आठी पडते, ही गोष्ट मुलांच्या परिचयाची आहे. परंतु त्या आठींतून एक नवा उद्योग जन्मास आल्याचें उदाहरण विरळा.

इंग्लंडांतील सामान्य माणसाच्या घरीं ही व्यवस्था यावयास बराच काळ लागला. रोमन लोकांनीं फरशीखालून ऊन हवा खेळविल्याचे अवशेष बाथ शहरांत आजहि पाहावयास मिळतात. परंतु ते गेल्यावर तेथील बहुतेक जनता शेंकडों वर्षें जळत्या शेकोटीपुढें हात शेकीतच बसली. १९५२ च्या डिसेंबर महिन्यांत लंडन शहरावर जें प्राणघातक धुकें पसरलें त्याच्या मुळाशीं घरोघर जळणारा दगडी कोळसा हेंहि एक मोठें कारण होतें. १९५६ सालीं हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला. १९६७ पासून १९७७ पर्यंत उत्तर समुद्रांतून काढलेला वायु वापरतां यावा म्हणून देशभरच्या शेगड्या व चुली बदलण्यांत आल्या. या काळांत व त्यानंतर बॉयलर आणि रेडिएटर हे घरोघर दिसूं लागले.

आतां माझ्या बहिणीच्या घराकडे वळूं. आम्ही तिला आक्का म्हणतों. परिचारिकेचें शिक्षण येथें पुरें करून बावीस वर्षांपूर्वीं ती तिकडे गेली, तेथील इस्पितळांत रात्रंदिवस कष्टली, आणि २०२३ सालीं निवृत्त झाली. यजमान वारल्यापासून ती एकटीच राहते. घर लहान आहे. रांगेंतील, विटांचें, खालीं दोन व वर दोन खोल्यांचें. आमची आई ब्याऐंशी वर्षांची. सहा वर्षांत माय-लेकींची प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती. यंदा हिंवाळ्यांत घरीं यावयाचें आणि तीन महिने आईजवळ राहावयाचें, असा बेत करून आक्कानें महिन्याच्या महिन्यास थोडे थोडे पौंड बाजूस टाकले होते.

मी पोंचलों तेव्हां मे महिना होता. बाहेर हवा आपल्याकडील पौषांतल्या पहांटेसारखी. आंत मात्र रेडिएटर असे तापलेले कीं, भिंतीस टेकून बसण्याची सोय नव्हती. खिडक्या सताड उघड्या. मीं विचारलें, “आक्का, इतकी ऊब कशासाठीं?”

ती म्हणाली, “ऊब मीं मागितलेलीच नाहीं. बंद करतें तरी बंद होत नाहीं. अगदींच असह्य झालें म्हणजे भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करून टाकतें, मग स्नानाला पाणीहि थंड.”

एक कारागीर येऊन गेला होता. त्यानें बॉयलरचें झांकण पाहिलें, त्याचें वय विचारलें, दहा मिनिटें इकडे तिकडे फिरला आणि निर्णय दिला कीं, अठरा वर्षांचा जुना बॉयलर आहे, आतां तो बदललाच पाहिजे. खर्च दोन हजार नऊशें पौंड. आपल्या नाण्यांत तीन लाख रुपयांच्या आसपास. बॉयलर जुना होता हें खरेंच होतें. परंतु तो जुना आहे म्हणून दोष त्याचाच आहे, हें सिद्ध झालेलें नव्हतें.

आक्कानें आंकडे कागदावर मांडलेले होते. वरच्या ओळींत बाजूस टाकलेली रक्कम, खालच्या ओळींत बॉयलर, आणि वजाबाकी केल्यावर जें उरत होतें त्यांत विमानाचें भाडेंहि निघत नव्हतें. त्या कागदाविषयीं ती एक शब्द बोलली नाहीं. “पुढल्या वर्षीं बघूं,” इतकेंच म्हणाली. ब्याऐंशी वर्षांच्या आईच्या बाबतींत पुढलें वर्ष हा शब्द किती जड असतो हें आम्हां दोघांनाहि ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं मीं तिला म्हटलें, “तूं इतकीं वर्षें रोगी तपासलेस. रोगी आला म्हणजे प्रथम काय करीत असत तुम्ही?”

“प्रथम विचारावयाचें. कधींपासून, कसें सुरू झालें, मधून मधून होतें कीं सतत. औषध नंतर.”

“मग याचीहि हकीकत तशीच सांग पाहूं.”

तिनें जी हकीकत सांगितली ती मीं वहींत उतरून घेतली. मार्चच्या अखेरीस एके रात्रीं ती उकाड्यानें जागी झाली. त्या वेळीं घर तापण्याची वेळ संपून चार तास झाले होते. सकाळीं सारें आपोआप बंद झालेलें आढळलें. पुढें आठ दिवस कांहीं नाहीं. मग पुन्हां तसेंच, आणि या वेळीं दुपारपर्यंत. एप्रिलच्या मध्यापासून मात्र एकदां सुरू झालें तें थांबलेंच नाहीं. या हकीकतींतच एक खूण होती. जो भाग कधीं कधीं अडकतो, कधीं सुटतो, आणि शेवटीं कायमचा अडकतो, तो बहुधा हलणारा भाग असतो. अशा हलणाऱ्या भागांतील मुख्य म्हणजे झडपा.

परंतु खूण म्हणजे पुरावा नव्हे. संशय घेण्याजोगे चौघे होते: थर्मोस्टॅट, वेळेची पेटी, झडप आणि बॉयलर. आम्ही ठरविलें कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, वीस मिनिटें थांबावयाचें, काय झालें तें लिहावयाचें, आणि मगच पुढें जावयाचें. थांबणें अगत्याचें होतें. कारण कित्येक बॉयलरांचा पंप हुकूम बंद झाल्यावरहि आंतली उष्णता वाहून नेण्यासाठीं कांहीं मिनिटें चालतो, आणि उतावळा मनुष्य तेवढ्यावरून चुकीचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दुसरा नियम असा कीं, कोणतेंहि झांकण उघडावयाचें नाहीं. ब्रिटनमध्यें वायूच्या उपकरणाचें काम करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या कारागिरासच आहे. २००९ पासून ती नोंद गॅस सेफ रजिस्टर या नांवानें ठेवली जाते. विजेच्या तारांनाहि आम्हीं हात लावणार नव्हतों. डोळे, कान आणि तळहात एवढींच आमचीं हत्यारें.

पहिली परीक्षा थर्मोस्टॅटची. आक्कानें त्याची चकती अगदीं खालच्या आंकड्यापर्यंत फिरविली. टक् असा आवाज झाला. परंतु वीस मिनिटांनंतरहि बॉयलर जळतच होता. यावरून दोनच गोष्टी संभवत होत्या. एक तर थर्मोस्टॅट आवाज करूनहि वीज तोडीत नव्हता, किंवा त्याचा हुकूम पुढें कोणी मानीत नव्हतें. दुसरी परीक्षा वेळेच्या पेटीची. तिच्यावर घर तापविणें व पाणी तापविणें अशीं दोन बटणें होतीं. दोन्ही बंद केलीं. तरीहि बॉयलर जळतच राहिला. मोटरला वीज मिळावयास या दोघांचें एकमत लागतें, हें वर सांगितलेंच आहे. दोहोंपैकीं एकानें जरी नकार दिला तरी घर तापणें थांबलें पाहिजे. दोन निरनिराळीं यंत्रें एकाच महिन्यांत, एकाच तऱ्हेनें बिघडावीं, हें अशक्य नसलें तरी फार असंभाव्य होतें. म्हणून आमचा संशय हुकूम देणारांवरून हुकूम पाळणारांवर सरकला.

तिसरी परीक्षा कपाटांतील नळ्यांची. येथें आक्काचा हात माझ्या हातापेक्षां शहाणा ठरला. तापलेली नळी तळहातानें धरली तर चटका बसतो. तिनें ताप पाहावा तशी बोटांची मागली बाजू क्षणभर टेकविली. टांकीच्या झडपेची एक बाजू कढत आणि दुसरी जेमतेम कोमट होती. म्हणजे ती झडप मिटलेली होती. रेडिएटरांच्या झडपेच्या दोन्ही बाजू सारख्याच कढत. ही झडप उघडी होती, आणि तीहि अशा वेळीं कीं, तिला उघडण्यास कोणींच सांगितलेलें नव्हतें.

चौथी परीक्षा दांडीची. अशा झडपेच्या पेटीच्या बाजूस एक लहान दांडी बाहेर आलेली असते. नळ्यांत प्रथम पाणी भरतेवेळीं झडप हातानें उघडतां यावी म्हणून ती ठेवलेली असते. कोणी ती ओढून खांचेंत अडकवून ठेविली असेल तरीहि झडप उघडी राहील. म्हणून आधीं तें पाहिलें. दांडी खांचेंत नव्हती. झडप मिटलेली असतां दांडी सरकवूं लागलें म्हणजे स्प्रिंगचा चांगला जोर हातास जाणवतो, आणि सोडली कीं ती माघारीं येते. मोटरनें झडप उघडलेली असतां मात्र दांडी सैल पडते व सहज इकडे तिकडे हलते. टांकीच्या झडपेची दांडी ताठ होती. रेडिएटरांच्या झडपेची दांडी दुधाच्या दांताप्रमाणें लुकलुकत होती.

येथें एखादा चतुर विद्यार्थी हात वर करील. तो म्हणेल, “गुरुजी, वेळेची पेटी आंतून बिघडून वीज सोडीतच असेल तर? मग झडप उघडीच राहणार आणि दांडीहि सैलच असणार. यांत झडपेचा काय अपराध?” शंका अगदीं रास्त आहे, आणि तिचें उत्तर देणारी परीक्षा हीच सर्वांत महत्त्वाची ठरली.

आम्हीं भिंतीवरचा मुख्य स्विच बंद केला. आतां सबंध व्यवस्थेंत विजेचा अंशहि उरला नाहीं. थर्मोस्टॅट कितीहि बिघडलेला असो, पेटी कितीहि खोटें बोलणारी असो, वीजच नाहीं तर मोटरला हुकूम देणार कोण? अशा वेळीं निरोगी झडपेच्या स्प्रिंगनें कांहीं सेकंदांत ती मिटविली पाहिजे. आम्हीं पांच मिनिटें थांबून दांडी पाहिली. ती तशीच सैल. हुकूम नसतांहि झडप उघडीच राहिली, म्हणजे ती अडकलेली होती.

तरीहि आक्काचें समाधान होईना. ती म्हणाली, “निरोगी माणसाची नाडी कशी लागते तें ठाऊक असल्याखेरीज रोग्याची कशी कळेल?” तिचें म्हणणें योग्य होतें. म्हणून आम्हीं तोच प्रयोग टांकीच्या झडपेवर केला. स्विच चालू करून पाणी तापविण्याचें बटण दाबलें. पेटींतून मोटरची बारीक घरघर ऐकूं आली आणि दांडी सैल झाली. मग मुख्य स्विच बंद केला. तत्काळ पुन्हां घरघर झाली, थोड्या सेकंदांत थांबली, आणि दांडी ताठ झाली. एका कपाटांत, हातभर अंतरावर, एकाच जातीच्या दोन झडपा होत्या. एक आज्ञाधारक, दुसरी अडलेली.

आतां बॉयलरची बाजू मांडणें सोपें गेलें. तोच दोषी असता, म्हणजे हुकुमावांचून स्वतःच जळत असता, तर रेडिएटरांची झडप मिटलेली सांपडली असती आणि तिच्या पलीकडील नळी थंड असती. तसें नव्हतें. झडप अडकून उघडी राहिली. तिच्यामुळें आंतला खटका दाबलेलाच राहिला. आणि तो खटका बॉयलरला रात्रंदिवस सांगत राहिला कीं, वाट मोकळी आहे, चालूं दे. बिचारा बॉयलर प्रामाणिकपणें जळत होता. ज्यावर काढून टाकण्याची पाळी आली होती तोच घरांत सर्वांत इमानी निघाला.

आक्कानें ही सारी टिपणें एका कागदावर लिहून काढलीं आणि शेजाऱ्यांकडून चौकशी करून दुसऱ्या एका नोंदणीकृत कारागिरास बोलाविलें. तो मितभाषी गृहस्थ होता. त्यानें कागद वाचला, स्वतः दांडी हलवून पाहिली, वीज तोडून झडपेच्या डोक्यावरची पेटी सोडविली, आणि खालचा आंस बोटांनीं फिरवून पाहिला. तो मोकळा फिरत होता. म्हणजे नळींतील झडपेचें अंग चांगलें होतें; आजार फक्त डोक्यांत होता, तेथील झिजलेल्या दांत्यांत. त्यामुळें नळ्यांतील पाणी काढण्याचीहि गरज पडली नाहीं. नवें डोकें बसवून, तारा जोडून, तो तासाभरांत मोकळा झाला. वस्तु व मजुरी मिळून एकशें साठ पौंड झाले. जातांना तो आक्कास म्हणाला कीं, रोगाचें नांव लिहून ठेवणारें गिऱ्हाईक त्यास क्वचितच भेटतें.

मी वायूच्या मीटरचे आंकडे रोज सकाळीं टिपून ठेवीत होतों. बिघाड असतांना दिवसास सुमारें सात घनमीटर वायु जळत होता. झडप बदलल्यावर, केवळ स्नानाचें पाणी तापविण्यास, एक घनमीटरहि लागेना. दोन महिने घराबाहेरची हवा तापविण्यांत किती पैसा गेला याचा हिशेब आक्कानें मांडला नाहीं. मीं हि आग्रह केला नाहीं. तिनें तो पहिला कागद मात्र घेतला, त्यावरची बॉयलरची ओळ खोडली, तेथें एकशें साठ हा आंकडा घातला, आणि पुन्हां वजाबाकी केली.

२०२४ च्या नोव्हेंबरांत आक्का घरीं आली आणि ठरल्याप्रमाणें तीन महिने आईजवळ राहिली. तिनें आईला ही हकीकत सांगितली. आईचा जन्म कालव्याच्या कांठीं गेलेला. सर्व ऐकून घेऊन तिनें एवढेंच विचारलें, “इतकें पाणी फिरवितात, आणि दाऱ्यावर कोणी बसत नाहीं होय?”

मुलांनों, हा लेख वाचून तुम्ही यॉर्कशरमध्यें झडपा दुरुस्त करावयास जाल अशी माझी अपेक्षा नाहीं. परंतु बिघाड ही वस्तु सर्व देशांत सारखीच असते. शेतावरचा पंप, बापूंची मोटरसायकल, घरांतील दिवा, किंवा वहींतील न सुटणारें उदाहरण, यांपैकीं कांहींहि अडलें म्हणजे हीच रीत उपयोगी पडेल. आधीं हकीकत विचारा. मग ती वस्तु चांगली असतांना कशी चालते तें समजून घ्या. एका वेळीं एकच गोष्ट बदला, आणि फळ दिसेपर्यंत धीर धरा. निरोगी व रोगी यांची शेजारीं शेजारीं तुलना करा. आणि आपल्या मनांत आलेल्या कारणावर प्रेम करूं नका; तें खोटें ठरविण्याचा प्रयत्न करा, आणि तो फसला तरच त्यावर विश्वास ठेवा.

पालकांनाहि एक विनंती करावयाची आहे. दर वर्षीं प्रगतिपुस्तकें वांटलीं म्हणजे एक-दोन वडील शाळेंत येऊन सांगतात कीं, आमचा मुलगा ढ आहे, त्याला शाळेंतून काढून कोठें तरी कामास लावावा. कांहीं वर्षांपूर्वीं इयत्ता नववींतील एका मुलाविषयीं असेंच झालें. गणितांत त्याला शंभरांत अकरा गुण मिळाले होते. त्याला समोर बसवून तोंडीं हिशेब घातले. ते त्यानें झटपट केले. कागदावर नुसते आंकडे मांडून दिले. तेहि बरोबर आले. पुस्तकांतील उदाहरणें दिलीं तेव्हां मात्र सारीं चुकलीं. तींच उदाहरणें मोठ्यानें वाचून दाखविलीं, आणि तीं सुटलीं. त्याचें गणित शाबूत होतें; अडकलें होतें तें वाचन. सहा महिने रोज अर्धा तास त्याच्याकडून केवळ वाचून घेतलें, गणिताचा एक ज्यादा तासहि दिला नाहीं. वार्षिक परीक्षेंत त्याला चव्वेचाळीस गुण मिळाले, आणि त्याचें शिक्षण पुढें चालू राहिलें.

सबंध यंत्र मोडींत काढण्यास दहा मिनिटें पुरतात. त्यांतील एक अडकलेली झडप शोधण्यास दोन दिवस, एक वही आणि थोडी सहनशीलता लागते. यंत्राच्या बाबतींत या उतावळेपणानें पैसा वांयां जातो; मुलाच्या बाबतींत सारें आयुष्य जातें. म्हणून आपलें मूल कोठेंहि अडलेलें दिसलें तर त्यास नांव ठेवण्यापूर्वीं एकवार शाळेंत या, आपण मिळून त्याची हकीकत ऐकूं, आणि कोठें अडलें आहे तें शोधूं.